२०२३ ची फायनल आपण टॉसलाच हरलो होतो का? पोरांना काय सांगू?

चोपडेकर_कोच

राम राम मंडळी. चोपड्याला संध्याकाळी पोरांची प्रॅक्टिस घेतो, बारा ते सोळा वयाची पोरं आहेत, निम्मी आजूबाजूच्या खेड्यांवरून सायकलीने येतात. परवा प्रॅक्टिस संपल्यावर १९ नोव्हेंबर २०२३ चा विषय निघाला, अहमदाबादची वर्ल्डकप फायनल. एक पोरगा म्हणे सर ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टन कमिन्सने टॉस जिंकून आपल्याला बॅटिंगला घातलं तिथंच मॅच गेली, आणि बाकीच्या सगळ्यांनी लगेच हो हो केलं. मला हे पटत नाही. सलग १० मॅच जिंकून आलेली टीम, ह्याच ऑस्ट्रेलियाला चेन्नईत १९९ मध्ये गुंडाळलेलं, ती टीम एका नाण्यावर हरली असं कसं म्हणायचं? आणि आपला कॅप्टन रोहित तर टॉसच्या वेळीच म्हणाला होता की मी जिंकलो असतो तरी बॅटिंगच घेतली असती.

मला जास्त काळजी ह्याची आहे की हीच पोरं आता स्वतःची मॅच हरली तरी टॉसकडे बोट दाखवतात. चौथ्या ओव्हरला कॅच सुटला ते कोणाला आठवत नाही. तर जाणकारांनी जरा नीट सांगा, नेमकी कुठं हरलो आपण? पोरांसमोर आकडे घेऊन बसायचंय.

अमळनेरचा_स्कोअरर

भाऊ टुर्नामेंटला मी टेबलावर बसतो, वही-पेन घेऊन, त्यामुळे मॅच मला ओव्हरच्या हिशोबातच आठवते. पहिल्या १० ओव्हरला आपण २ बाद ८०, म्हणजे जबरदस्त. रोहित ३१ बॉलमध्ये ४७, मॅक्सवेलला एक सिक्स मारला, लगेच फोर मारला आणि पुढचाच बॉल परत उचलला, त्यांचा ट्रॅव्हिस हेड कव्हरवरून मागे पळत गेला आणि झेप घेऊन पकडला. लगेच पुढच्या ओव्हरला कमिन्सने श्रेयसला कीपरकडे कॅच द्यायला लावला, ३ बाद ८१.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. राहिलेल्या ४० ओव्हरमध्ये आपले फोर फक्त चार आणि सिक्स एकही नाही. तिन्ही सिक्स रोहितचेच. मधे सलग ९७ बॉल बाउंड्री नाही, म्हणजे सोळा ओव्हर बॉल दोरीपर्यंत गेलाच नाही. आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की त्यात हेड आणि मार्शने मिळून ४ ओव्हर टाकल्या आणि आपण त्यात ९ रन काढले. पार्टटाइम बॉलर! आपल्याकडं तालुक्याच्या मॅचला असा बॉलर आला तर नॉनस्ट्रायकरसुद्धा पुढं सरसावतो. कोहली-राहुलची पार्टनरशिप १०९ बॉलमध्ये ६७. २४० ला ऑल आउट झालो, ते २८० झाले असते तर रात्रीची मॅच वेगळी होती. माझ्या मते मॅच ११ ते ४० ओव्हरमध्ये गेली, टॉसचा संबंध नाही.

केळीवाला_रावेर

स्कोअरर भाऊ आकडे बरोबर आहेत पण टॉसचा संबंधच नाही हे मले पटलं नाही भो. ती विकेट बघा ना कोणती होती, काळ्या मातीची, आणि १४ ऑक्टोबरला पाकिस्तानची मॅच ज्याच्यावर झाली तीच. काळ्या मातीतला माणूस आहे मी, तिच्यावर रोलर फिरवला आणि वरून ऊन तापलं की ती कशी दगड होते आणि वरून कशी मरते हे रोज पाहतो. दुपारी बॉल थांबून येत होता, कमिन्सने मुद्दाम आपटून आपटून टाकले, कोहलीने थर्डमॅनला ढकलायला बघितला तो बॅटला लागून स्टंपावर आला. आयसीसीनेही नंतर त्या पिचला 'अ‍ॅव्हरेज' म्हटलं.

आणि रात्री? नोव्हेंबरमध्ये दहिवर, म्हणजे दव, पडतं हे खान्देशात कोणाला सांगायची गरज नाही, कापूस वेचायला बाया सकाळी दहिवर उतरल्याशिवाय शेतात घुसत नाहीत. तिथंही लाइटखाली बॉल ओला होऊन घसरायला लागला, बॅटवर छान यायला लागला, कुलदीप-जडेजाला पकड मिळेना. दोघांच्या मिळून २० ओव्हर आणि विकेट शून्य. कमिन्सने हे आधीच वाचलं होतं म्हणून एवढ्या मोठ्या फायनलला फिल्डिंग घेतली, ते डोकं त्याचं मानावंच लागेल. तर टॉसने त्यांना थोडं दिलं हे खरं आहे, पोरांना खोटं सांगू नका. फक्त थोडंच दिलं हेही सांगा.

पांझराकाठ

मी धुळ्याची, कॉलेजला असताना युनिव्हर्सिटीकडून खेळलेय, म्हणून ह्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. सगळे राहुलवर तुटून पडतात, १०७ बॉलमध्ये ६६ आणि त्यात एकच फोर, त्यानेच मॅच घालवली म्हणतात. बरं मग ऑस्ट्रेलियाचा लाबुशेन बघा. ११० बॉलमध्ये नाबाद ५८. राहुलपेक्षाही हळू! आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही, उलट हिरो. टार्गेट समोर होतं त्यामुळे त्याला घाई नव्हती हे मान्य, पण मुख्य फरक समोरच्या एंडला आहे. तिकडं ट्रॅव्हिस हेड १२० बॉलमध्ये १३७ करत होता. १९२ ची पार्टनरशिप झाली ती एक जण धरून आणि एक जण मारून. आपल्याकडं कोहली गेल्यावर मारणारं कोणी उरलंच नाही, हार्दिक पुण्याच्या बांगलादेश मॅचला जखमी होऊन बाहेर गेलेला, फायनलला जडेजा सहाव्या नंबरवर आणि सूर्या सातव्यावर, त्याच्यामागं शमी, बुमराह, कुलदीप, सिराज. राहुलने हवेत मारायचं तरी कोणाच्या जिवावर?

सर तुमच्या पोरांना हे नक्की सांगा, हळू खेळणारा गुन्हेगार नसतो, त्याला समोर जोडीदार लागतो.

आणि आपली बॉलिंगही आठवा. ४७ ला ३ काढल्या होत्या हो! वॉर्नर, मार्श, स्मिथ. स्मिथने तर एलबीडब्ल्यू दिल्यावर रिव्ह्यू, म्हणजे टीव्हीवर परत तपासणी, घेतला नाही, बॉल ऑफस्टंपच्या बाहेर पॅडला लागलेला, घेतला असता तर वाचला असता. आमच्या गल्लीत टीव्ही बाहेर आणून ठेवलेला, भाऊबीजेला आलेल्या बहिणी अजून माहेरी होत्या, सगळ्या ओट्यावर बसून ओरडत होत्या. टॉसनेच मॅच ठरली असती तर ४७ ला ३ झालेच नसते. पुढं लाबुशेनचा बुमराहच्या बॉलवर एलबीडब्ल्यू अंपायर्स कॉलवर राहिला, म्हणजे रिव्ह्यूत काठावरचा निघाला म्हणून अंपायरचा नॉटआउटच कायम राहिला, तो जरा इकडं झुकला असता तर अजून रंगत आली असती.

भुसावळचे_आबा

पोरांनो मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, १९८३ ची फायनल कॉमेंट्रीवर ऐकलेली आहे. टॉसचाच विषय आहे तर हिशोब मांडून पाहा.

१९८३, लॉर्ड्स. टॉस वेस्ट इंडिजने जिंकला आणि आपल्याला बॅटिंगला घातलं. ६० ओव्हरची मॅच, आपण १८३ ला संपलो. तरी त्यांना १४० मध्ये काढलं, मोहिंदरने १२ रनमध्ये ३ घेतल्या, आणि कपिलने मागे पळत रिचर्ड्सचा कॅच घेतला. २००३, जोहान्सबर्ग. टॉस आपण जिंकला, गांगुलीने फिल्डिंग घेतली, पाँटिंग नाबाद १४०, त्यांचे २ बाद ३५९ आणि आपण १२५ रननी हरलो. २०११, वानखेडे. टॉस दोनदा उडवावा लागला कारण गर्दीच्या आवाजात पहिला नीट ऐकूच आला नाही, दुसऱ्यांदा संगकाराने जिंकला. जयवर्धने नाबाद १०३, त्यांचे २७४, आपले सेहवाग-सचिन ३१ रनमध्ये घरी, आणि मग गंभीर ९७, धोनी नाबाद ९१.

म्हणजे आपण पुरुषांचे दोन्ही ५० आणि ६० ओव्हरचे वर्ल्डकप टॉस हरून जिंकले आणि जी फायनल टॉस जिंकून खेळलो तीच सगळ्यात वाईट हरलो. २०२३ ला टॉस हरून मॅचही हरलो, एवढंच. २००३ ला लोक म्हणत होते गांगुलीने बॅटिंग का नाही घेतली, २०२३ ला म्हणतात फिल्डिंग मिळायला हवी होती. हरल्यावर टॉसवर बोलणं सगळ्यात सोपं असतं बाबा, त्यात आपल्या कोणत्याच आवडत्या खेळाडूला दुखवावं लागत नाही.

पांझराकाठ

आबा दोनच का, मुलींचा पण घ्या ना! २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, नवी मुंबई. पावसाने उशीर झाला, आउटफिल्ड ओलं, टॉस साउथ आफ्रिकेने जिंकला आणि फिल्डिंग घेतली, सगळे म्हणत होते की रात्री दव पडणार, गेली मॅच. अगदी २०२३ सारखीच भीती. आणि आपण ७ बाद २९८ केले. शफाली ७८ बॉलमध्ये ८७, ती तर मूळ टीममध्येसुद्धा नव्हती, प्रतिकाला लागलं म्हणून ऐन सेमीफायनलला बोलावलं. मग त्यांच्या वोल्वार्टने १०१ केले तरी आपली कॅप्टन हरमनने शफालीच्या हातात बॉल दिला आणि तिने लूस आणि काप दोघींना काढलं. दीप्ती ५८ रन आणि ५ विकेट. ५२ रननी जिंकलो.

सर तुमच्याकडं मुली येतात का प्रॅक्टिसला? नसतील तर बोलवा, मी मनापासून सांगतेय. ही मॅच पोरांना दाखवाच, टॉस हरल्यावर दुपारी काय करायचं ते त्यात आहे, मंधानाने आणि शफालीने पहिल्या विकेटला शंभरच्या वर रन जोडले आणि शेवटी रिचाने २४ बॉलमध्ये ३४ काढले, मधे रन थांबलेच नाहीत.

अमळनेरचा_स्कोअरर

ताई लाबुशेनचा मुद्दा एकदम बरोबर शे, तो पोरांना वहीत काढून दाखवण्यासारखा आहे. चोपडेकर सर, माझ्याकडून एक सुचवतो, पुढच्या प्रॅक्टिस मॅचला जुना नरम झालेला बॉल द्या आणि सुरुवातच ३ बाद ८१ वरून करा, फिल्डर सगळे बाहेर ठेवा. अट एकच, प्रत्येक ओव्हरला किमान ५ रन आणि विकेट टिकवायची. मोठा फटका न मारता रन कसे निघतात ते हाताला कळेल, नुसतं सांगून कळत नाही.

केळीवाला_रावेर

आणि संध्याकाळी उशिरा दुसरी इनिंग खेळवा भो, बॉल बादलीत बुडवून. स्पिनरला ओल्या बॉलची सवय आतापासून लागली पाहिजे, टॉवेल घेऊन उभं राहणं सोपं आहे, पकड बसवणं अवघड. थंडीत तर हेच दिवस आहेत.

चोपडेकर_कोच

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आबांचा टॉसचा हिशोब मी खडूने फळ्यावर लिहिणार, १९८३, २००३, २०११, २०२३ आणि मुलींचा २०२५, टॉस कोणाचा आणि कप कोणाचा, पोरांनी स्वतःच वाचू दे. रविवारी स्कोअरर भाऊंची ३ बाद ८१ वाली मॅच ठेवतोय, ओल्या बॉलचंही करतो.

ताई, मुली येतात, दोघी, एक लेफ्टआर्म फिरकी टाकते आणि बऱ्यापैकी वळवते. पण घरचे संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू देत नाहीत. तुम्ही कधी चोपड्याकडं आलात तर त्यांच्या आईवडिलांशी एकदा बोलाल का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

पांझराकाठ

येते सर. कापूस वेचणी उरकल्यावर एखादा रविवार कळवा, त्यांच्या आयाही घरी भेटतील.