अभ्यास तगडा पण जीवघेणी स्पर्धा नाही, असं सायन्सचं कॉलेज आहे का?

ऐरोलीची आई:
मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंग नको म्हणते, फिजिक्स नाहीतर मॅथ्सच करायचंय, आमची काही हरकत नाही. पण दोन वर्षं क्लासला जाऊन पोर पार कोमेजलीय. दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी सकाळी रँकची लिस्ट ग्रुपवर. मागे तापात तिची दोन लेक्चरं बुडली तर तीन मैत्रिणींकडे वही मागितली, तिघींनी "अजून पूर्ण नाहीये गं" सांगितलं, आणि त्यातल्या एकीची पूर्ण वही हिने सकाळीच बघितली होती. रडली नाही, नुसती गप्प बसली, मला तेच जास्त लागलं. शिकवणं उत्तम हवंच, पण पोरं एकमेकांना धरून असतात असं कुठे आहे का? पुण्यापर्यंत चालेल.

कळवा_स्लो_लोकल:
ताई, कलिनाला विद्यापीठाच्या कॅम्पसमध्येच सीईबीएस म्हणून मूलभूत विज्ञानाची संस्था आहे ती बघा. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने मिळून 2007 मध्ये सुरू केलं, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. मी तिथलाच. टीआयएफआर, बीएआरसी अशा मोठ्या संशोधन संस्थांची माणसं शिकवायला येतात, अभ्यास सोपा अजिबात नाही, पहिल्या सेमला मला मेकॅनिक्स झेपत नव्हतं. पण बॅच एवढीशी की कोण अडलंय ते सगळ्यांना कळतं, होस्टेलच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खडूने गणितं मांडायचो आणि ज्याला आधी उमगलं त्याने बाकीच्यांना समजवायचं, मग झोपायचं. प्रवेश नेस्ट परीक्षेतून, भुवनेश्वरच्या नायसर या तशाच विज्ञान संस्थेलाही तीच चालते.

खारघर_ते_पाषाण:
काकू, मी आयसर पुण्याला आहे, केंद्र सरकारची विज्ञान संस्था. इथे सुरुवातीला बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स सगळ्यांनाच करावं लागतं, मेजर नंतर. त्यामुळे काय होतं की मॅथ्सवाल्याला बायो कळत नाही आणि बायोवाल्याला इंटिग्रेशन, मग आपोआप एकमेकांकडे जावंच लागतं. माझी रूममेट मला पेशीविभाजन शिकवायची आणि मी तिला मॅट्रिक्स. टेन्शन असतं हो, क्विझच्या आठवड्यात कोणी नीट जेवत नाही, पण नोट्स कोणी लपवत नाही. प्रवेशाला आयएटी परीक्षा द्यावी लागेल.

घोडबंदर_बाबा:
नुसत्या नावावर जाऊ नका. माझा मुलगा एका नावाजलेल्या कॉलेजात होता, शिक्षक चांगले, पण ग्रेडिंग रिलेटिव्ह, म्हणजे शेजाऱ्याचे मार्क वाढले की आपली ग्रेड घसरणार, मग प्रॅक्टिकलची रीडिंगसुद्धा पोरं झाकून ठेवायची. दोष पोरांचा नव्हता. तेव्हा आधी ग्रेडिंग कसं ते विचारा. आणि संध्याकाळी कँटीनमध्ये जाऊन दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, असाइनमेंट अडली तर कोणाकडे जाता? पटकन सीनियरचं नाव घेतलं तर समजायचं. ओपन डेला प्राध्यापक बोलतात, त्यातून हे कळत नाही. अजून एक, ठाण्यातच बीएस्सी केलं तरी मॅथ्ससाठी एमटीटीएसचा उन्हाळी कॅम्प आहे, प्रा. कुमरेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेला, तिथे तयार उत्तर देत नाहीत, पोरांना बोलतं करत करत शिकवतात.

ऐरोलीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. हिला वाचून दाखवलं, दाराच्या मागच्या खडूचं ऐकून पहिल्यांदा हसली. पण कलिनाला ऐरोलीहून रोज जमेल का?

कळवा_स्लो_लोकल:
ठाण्याला गाडी बदलून कुर्ला, तिथून बस, जमतं. पण मिळालं तर होस्टेलच घ्या, खरं शिकणं रात्री अकरानंतरच होतं.