हुस्कर डू फुटला ते बॉब मोल्डच्या पथ्यावरच पडलं. पटतंय का?

तिसरी तार :
परवा हुस्कर डूचा शेवटचा अल्बम 'वेअरहाउस' पुन्हा सलग ऐकला आणि बरीच वर्षं मनात असलेलं मत एकदाचं मांडावंसं वाटलं. हुस्कर डू हा अमेरिकन पंक रॉक बँड फुटल्याची हळहळ अजून संपत नाही. मला मात्र वाटतं, तो फुटला नसता तर बॉब मोल्ड गीतकार म्हणून आपल्याला अर्धाच कळला असता.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९ साली मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये हे तिघं जमले. गिटारवर मोल्ड, ड्रमवर ग्रँट हार्ट, बासवर ग्रेग नॉर्टन. मोल्ड तेव्हा मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकत होता. नाव घेतलं एका जुन्या पटावरच्या खेळाचं, डॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'आठवतंय का?'. सुरुवातीला नुसता वेग होता. 'लँड स्पीड रेकॉर्ड'मध्ये २६ मिनिटांत १७ गाणी उरकली आहेत. मग १९८४ मध्ये 'झेन आर्केड' आला : दुहेरी अल्बम, २३ गाणी, जवळजवळ सगळी पहिल्याच टेकला ध्वनिमुद्रित केलेली. हार्डकोरवाल्यांनी, म्हणजे वेगवान, आक्रमक पंक वाजवणाऱ्यांनी, इतकं लांब, इतकं सुरेल काही करावं हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पण १९८७ च्या 'वेअरहाउस'मधली २० गाणी मोजा. मोल्डची ११, हार्टची ९. गाणी चांगली आहेत, तरी अल्बम ऐकताना दोघं आळीपाळीने आपापला हिस्सा वसूल करताहेत असंच वाटत राहतं. १९८८ च्या सुरुवातीला बँड संपला. मोल्ड मिनेसोटातल्याच एका शेतघरात जाऊन राहिला आणि तिथून १९८९ मध्ये 'वर्कबुक' हा एकट्याचा अल्बम घेऊन बाहेर आला. त्यात अकूस्टिक गिटार आहे, चेलो आहे, शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. ही जागा त्याला त्या त्रिकुटात कधीच मिळाली नसती. पुढे शुगर हा त्याचा नवा बँड, त्यांचा १९९२ चा 'कॉपर ब्लू', एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलेला. सांगा, काय गमावलं त्याने?

मंद्र :
ग्रँट हार्ट गमावला. उत्तर एवढंच आहे, पण खुलासा करतो.

'हिस्सा वसूल करणं' तुम्हाला खटकतं. मला तर त्या बँडची सगळी ताकद त्या चढाओढीतच दिसते. 'झेन आर्केड' जुलै १९८४, 'न्यू डे रायझिंग' जानेवारी १९८५, 'फ्लिप युअर विग' सप्टेंबर १९८५. पंधरा महिन्यांच्या आत तीन अल्बम, आणि त्यातला एक दुहेरी! शेजारी बसलेला माणूस उद्या आपल्यापेक्षा चांगलं गाणं घेऊन येईल ही धास्ती असल्याशिवाय माणूस असं लिहीत नाही. हार्ट ते गाणं आणायचाही. 'पिंक टर्न्स टू ब्लू' त्याचं, 'ग्रीन आइज' त्याचं. वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावरच्या पहिल्या अल्बममधलं, म्हणजे 'कँडी ॲपल ग्रे'मधलं, 'डोन्ट वॉन्ट टू नो इफ यू आर लोन्ली' हेही त्याचंच, जे पुढे ग्रीन डे या बँडने गायलं.

मोल्डचा स्वभाव मुळात काळोखाकडे झुकणारा. गिटारचा तो करकरीत पडदा, दात आवळून गायलेले शब्द. त्याच्या दोन गाण्यांच्या मध्ये हार्टचं एक गाणं आलं की खिडकी उघडल्यासारखं व्हायचं. 'वर्कबुक'नंतरचा 'ब्लॅक शीट्स ऑफ रेन' ऐका. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकच आभाळ. 'अरे, आता पुरे' म्हणणारं तिथे कुणी उरलेलं नव्हतं.

तिसरी तार :
'ब्लॅक शीट्स'बद्दल वाद नाही, तो मलाही जड जातो. पण त्याच्या दोनच वर्षांनी त्याच माणसाने 'कॉपर ब्लू'साठी 'इफ आय कान्ट चेंज युअर माइंड' लिहिलं. इतकं मोकळं, लख्ख गाणं! त्यासाठी कुणी प्रतिस्पर्धी लागला नाही. शुगरमधले बासवादक डेव्हिड बार्ब आणि ड्रमर माल्कम ट्रॅव्हिस त्याच्यामागे खंबीर उभे राहिले आणि तेवढं पुरलं.

रात्रपाळी :
दोघांनाही एक विचारायचं आहे. फुटणं चांगलं की वाईट, हे आपण असं बोलतोय जणू तो कलेसाठी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तसं काहीच नव्हतं. मोल्डने १९८६ मध्ये दारू सोडली आणि हार्ट हेरॉइनच्या विळख्यात होता. 'वेअरहाउस'च्या दौऱ्याच्या तोंडावर त्यांच्या तरुण मॅनेजरने आत्महत्या केली. बँडचा कारभार तेव्हापासून त्यांना स्वतःच बघावा लागला. विशीतली तीन माणसं, वर्षानुवर्षं एका गाडीतून फिरलेली, आणि त्यात हे. त्या मोडतोडीतून 'वर्कबुक' निघाला याचं श्रेय मोडतोडीला देणं मला पटत नाही. श्रेय त्या शेतघरात एकट्याने बसून पुन्हा गिटार उचलणाऱ्या माणसाचं.

वॉर्नरशी केलेला करार मुळावर आला असंही म्हटलं जातं. मला ते खरं वाटत नाही. काय ध्वनिमुद्रित करायचं याचं स्वातंत्र्य त्यांनी राखलं होतं, आणि 'कँडी ॲपल ग्रे' ऐकून कुणी लुडबूड केली असं जाणवत नाही. उलट आधीच्या छोट्या कंपनीने 'झेन आर्केड'च्या इतक्या मोजक्या प्रती काढल्या की ऐन दौऱ्यात दुकानांत अल्बम मिळेना.

मंद्र :
रात्रपाळी, श्रेयाबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

तिसरी तार, तुमच्या 'खंबीर उभे राहिले'वर मात्र अडलो. शुगरच्या 'फाइल अंडर : ईझी लिसनिंग' या अल्बमवर बार्बचं गाणं किती? एक. बार्ब स्वतः उत्तम गाणी लिहिणारा माणूस, तरीही एक. आणि पुढे १९९६ चा अल्बम, ज्यावर मोल्डचं नाव हेच शीर्षक आहे, त्यावर सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. गंमत नाही, मला हे फार अस्वस्थ करतं. कारण हार्टनेही १९८९ च्या 'इन्टॉलरन्स'मध्ये जवळपास हेच केलं होतं. एकमेकांपासून सुटल्यावर दोघंही बंद खोलीत एकटेच सगळी वाद्यं वाजवत बसले. ज्याला तुम्ही मोकळं होणं म्हणता ते मला तिथे ऐकू येत नाही.

चांदणवेल :
मी मोल्ड उलट्या दिशेने ऐकला, आधी २०१२ चा 'सिल्व्हर एज', मग मागे मागे. त्यामुळे तुमचा दोघांचा नकाशा मला अपुरा वाटतो. १९९९ मध्ये हा माणूस व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमांसाठी कथानकं लिहीत होता. २००२ मध्ये 'मॉड्युलेट' काढून थेट इलेक्ट्रॉनिक संगीतात शिरला आणि जुने श्रोते बिथरले. तिथून परत येऊन बासवर जेसन नार्डूसी आणि ड्रमवर जॉन वर्स्टर यांच्याबरोबर जे त्रिकूट जमलं, ते हुस्कर डू आणि शुगर दोन्हींपेक्षा जास्त टिकलं. 'ब्यूटी अँड रुइन', 'पॅच द स्काय', साठीच्या उंबरठ्यावर काढलेला 'ब्लू हार्ट्स'. या तिघांत चढाओढ नाही, तरी गाण्यांची धार तीच. मंद्र, तुमचा सिद्धान्त इथे कुठे बसवायचा?

मंद्र :
पूर्ण बसत नाही, खरं आहे. वर्स्टरचा ड्रम हा मोल्डला मिळालेला सर्वांत भरवशाचा हात. तरीही त्या अल्बममध्ये दुसरा आवाज नाही, आणि मला तो दर वेळी हवासा वाटतो.

तिसरी तार :
मीही थोडा मागे येतो. 'पथ्यावर पडलं' हा शब्द रात्रपाळींनी सांगितलेल्या गोष्टींसमोर कोता आहे, मॅनेजरच्या मृत्यूचा विचार मी लिहिताना केला नव्हता. 'वर्कबुक'बद्दलचं मत मात्र कायम. हार्ट बँडमध्ये असता तर तो अल्बम झाला नसता, आणि मला तो 'झेन आर्केड'इतकाच लागतो.

मंद्र :
एक गोष्ट राहिली, कुणाचीच बाजू सिद्ध करण्यासाठी नाही. ऑक्टोबर २००४, मिनीॲपोलिस. सोल असायलम या बँडच्या आजारी बासवादकाच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. मोल्ड वाजवत होता आणि हार्ट मंचावर आला. बँड फुटल्यानंतर दोघं तेव्हा पुन्हा एकत्र गायले. दोनच गाणी झाली. एक मोल्डचं, 'हार्डली गेटिंग ओव्हर इट'. दुसरं हार्टने 'झेन आर्केड'साठी लिहिलेलं, 'नेव्हर टॉकिंग टू यू अगेन', तुझ्याशी पुन्हा कधीच बोलणार नाही. ते दोघांनी मिळून गायलं. २०१७ मध्ये हार्ट गेला.