मदत हवी आहे : बंद घराला समन्स चिकटवल्यावर बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) शेऱ्यात काय काय हवं?

नमस्कार. गोव्यात बार्देशातल्या एका वाड्यावरचं घर. प्रतिवादी कामानिमित्त परदेशात, दाराला कुलूप. बेलिफाने समन्सची प्रत दाराला चिकटवली आणि शेरा लिहिला, 'घर बंद, प्रत लावली.' बस्स, एवढंच.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश ५, नियम १७ प्रमाणे प्रत कोणत्या परिस्थितीत लावली, घर कोणी दाखवलं आणि कोणासमक्ष लावली, त्यांची नावं-पत्ते शेऱ्यात लागतात. इथे एकही नाव नाही. आपल्याकडे ही मोठीच अडचण. एका वडिलोपार्जित घरात तीन-चार भावांच्या चुली, दारं वेगवेगळी, घर क्रमांक मात्र एकच. प्रत नेमक्या कुठल्या दाराला लागली हे शेजारी साक्षीदार नसेल तर कळणार कसं?

शिवाय प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळेत घरी सापडण्याची शक्यता नसेल तर नियम १५ खाली त्याच्यासोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाला, बाईमाणसालाही, समन्स देता येतं. नोकराला दिलेलं मात्र चालत नाही. पलीकडच्या दारातली भावजय 'सोबत राहणारी' धरायची का? चूल वेगळी असेल तर नाही, असं मला वाटतं.

शेऱ्यासोबत बेलिफाचं शपथपत्र नसेल तर नियम १९ प्रमाणे न्यायालयाने त्याची शपथेवर तपासणी करायलाच हवी. तर वादीने तीच मागावी, की नव्याने समन्स काढून थेट नियम २० खाली पर्यायी बजावणीचा (नेहमीच्या रीतीने समन्स पोचत नसेल तर दुसऱ्या मार्गाने बजावण्याचा) अर्ज द्यावा? म्हापसा, पणजीत काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं. एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला निकाल) पुढे याच मुद्द्यावर रद्द होऊ नये.