रॉकेटला पण आता हवाई अंतर लावणार काय?

लेथवाला_कुपवाड:
भावांनो डोकं तापलंय म्हणून लिहितोय. कुपवाड एमआयडीसीत आपलं शेड हाय, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि वडिलांच्या काळातला एक लेथ जो अजून सगळ्यात जास्त चालतोय. गेल्या वर्षी एका खाजगी रॉकेटवाल्या स्टार्टअपच्या व्हेंडरच्या व्हेंडरकडनं चाळीस स्टेनलेस फिटिंगची ऑर्डर आली. मापं बसली, मोजणी मशीनचा (सीएमएम) रिपोर्ट ओके, आणि चाळीसच्या चाळीस नग परत. कारण काय तर बार कापताना पोरानं पुढच्या तुकड्यावर हीट नंबर (धातू भट्टीच्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा नंबर) पंच केला नव्हता, म्हणजे मटेरियल तेच, सर्टिफिकेट तेच, फक्त कुठला तुकडा कुठल्या बारचा हे कागदावर दाखवता येईना. महिन्याची मेहनत भंगारात.

आता टीव्हीवर रोज कोणतरी म्हणतंय खाजगी अंतराळ कंपन्यांसाठी कडक कायदा पाहिजे. अरे 2020 ला खाजगी कंपन्यांना परवानगी देणारं इन-स्पेस हे सरकारी खातं काढून दार उघडलं, 2022 च्या नोव्हेंबरात विक्रम-एस हे खाजगी रॉकेट उडालं, 2024 च्या मे मध्ये दुसरं, अग्निबाण, उडालं, तेवढ्यात लगेच लगाम? आपल्याकडं दोन साखर कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम केला शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून, आणि भलं कुणाचं झालं हे ऊसवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक हात लावत नव्हते. त्या वेळी सरकारनं नांगर सुरक्षा प्राधिकरण काढलं असतं तर आज किर्लोस्करवाडीला रेल्वे पण थांबली नसती. माझं म्हणणं एवढंच, हा धंदा दहा वर्षं मोकळा सोडा, मग बघू.

कंदी_पेढा:
दादा, चाळीस नग कस्टमरनं परत पाठवले, सरकारनं नाही. राग एकाचा आणि शिव्या दुसऱ्याला.

लेथवाला_कुपवाड:
कस्टमर हे कागद मागतोय कारण त्याला वर दाखवायचं असतंय. उगम वरच हाय ओ.

कृष्णाकाठचा_गडी:
लेथवाल्या दादाला शंभर टक्के पाठिंबा. अमेरिकेत काय झालं बघा, 2024 ला स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचं पाचवं उड्डाण, रॉकेट ऑगस्टपासनं तयार उभं होतं म्हणे कंपनी, आणि लायसनवाले म्हणतायत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत थांबा, आवाज किती लांब जाईल बघायचंय, रॉकेटमधनं सुटणारी रिंग समुद्रात कुठं पडेल बघायचंय. कंपनीनं बोंब मारली तेव्हा कुठं ऑक्टोबरात परवानगी आली, आणि उडवल्यावर बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, परत येऊन टॉवरच्या हातात बसला. तेवढं मोठं धूड हवेत झेलायला जमतंय आणि फाईल पुढं सरकायला जमत नाही!! आपल्याकडं तर विहिरीला लाईटचं कनेक्शन मिळायला मिसरूड फुटल्यालं पोरगं बाप होतंय.

एकंदकर:
मी कवठे एकंदची, सासर माहेर दोन्ही तासगाव तालुका. तुमच्यातले बरेच दसऱ्याला आमच्याकडं शोभेची दारू बघायला येता, रात्रभर औट उडतात, झाडं पेटतात, सकाळी मोबाईलमध्ये व्हिडिओ घेऊन घरी जाता. तयारी कोण बघत नाही. माझे चुलते गंधक, सोरा, कोळसा कालवायला बसले की त्या खोलीत लोखंडाची वस्तू न्यायची नाही, पायात चप्पल नाही, आणि आम्ही पोरी दारातनं नुसतं विचारलं की चहा आणू का तरी आजी हाताला धरून मागं ओढायची. हा नियम कुठल्या सरकारनं लिहिला नव्हता, तो अनुभवातनं आला होता. पण 2015 ला आमच्याच गावात फटाक्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि माणसं गेली. त्या दिवशी भांड्याच्या आवाजानं सुद्धा लोक दचकत होते. त्यामुळं दहा वर्षं मोकळं सोडा म्हणणाऱ्याला मी विचारते, दहा वर्षांत जे मरतील ते कुणाच्या खात्यावर मांडायचे? आणि दादा, नांगर मोडला तर शेजाऱ्याच्या घरावर पडत नाही.

लेथवाला_कुपवाड:
ताई तुमचं दुःख मोठं, त्यावर वाद घालत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की खरा नियम आजीचा होता. मी तेच म्हणतोय की. ज्याचा हात जळणार तो आपसूक जपतो. रॉकेट फुटलं तर कंपनीचे कोट्यवधी बुडतात, त्यांना काय हौस हाय काय फोडायची? आणि श्रीहरिकोटा समुद्रकाठी हाय, पडलं तर पाण्यात पडतंय.

चार_भिंती_सातारा:
मी वकिली करतो, साताऱ्यात. बहुतेक जमिनीच्या वाटणीचेच दावे, पण हा विषय वाचायची आवड आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

"पाण्यात पडतंय" हे चंद्रपूरकरांना सांगा. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातनं साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. चिनी लाँग मार्च रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकारांनी सांगितलं. मोकळ्या जागेत पडलं म्हणून बातमी गमतीची झाली.

आता मुद्दा. सरकारला नियमन करायचंय की नाही हा पर्यायच नाहीये. 1967 चा अंतराळ करार आहे, भारत त्यात आहे, त्यातलं सहावं कलम म्हणतं की खाजगी कंपनीनं अंतराळात काहीही केलं तरी जबाबदार तिचा देश, आणि त्या देशानं परवानगी द्यायची आणि सतत देखरेख ठेवायची. मग 1972 चा नुकसानभरपाईचा करार. तुमच्या देशातनं उडालेल्या वस्तूनं जमिनीवर कुणाचं नुकसान केलं तर चूक कुणाची हे सिद्ध करायची पण गरज नाही, देशानं पैसे मोजायचे. 1978 ला सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस 954 अणुभट्टीसकट कॅनडावर कोसळला, कॅनडानं 60 लाख कॅनेडियन डॉलर मागितले, 30 लाख मिळाले. तो तर सरकारी उपग्रह होता. उद्या कुठल्याही स्टार्टअपचं रॉकेट दुसऱ्या देशातल्या गावावर पडलं तर बिल दिल्लीला येणार, म्हणजे तुमच्या माझ्या जीएसटीतनं. जो जामीन राहतो तो कर्जदाराचा सातबारा बघणारच ना?

आणि गंमत अशी की कायदा कडक आहे म्हणून तुम्ही ओरडताय पण आपल्याकडं कायदाच नाही! 2017 ला अंतराळ कामकाज विधेयकाचा मसुदा काढला तो मसुदाच राहिला. 2023 चं धोरण आहे, इन-स्पेस परवानगी देतंय, पण इन-स्पेसच्या पाठीशी संसदेचा कायदा नाही. धोरण उद्या बदललं तर दाद कशाच्या आधारावर मागणार? कायदा झाला तर सगळ्यात जास्त फायदा कुपवाडच्या शेडचाच आहे.

कृष्णाकाठचा_गडी:
वकीलसाहेब कायदा झाला की वकिलांचा फायदा होतोय एवढं मला कळतंय.

चार_भिंती_सातारा:
तो तर होतोच, नाकारत नाही.

मिरजेची_सतार:
मी नर्स आहे, मिरजेत, नाईट ड्युटीवर वाचतेय. मला प्रवाशांचं विचारायचंय. आपल्याकडचा गोपी थोटाकुरा 2024 च्या मे मध्ये ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या रॉकेटमधनं वर जाऊन आला. उद्या आपल्या कंपन्या पण माणसं नेतील. त्यांच्या जिवाचं काय? अमेरिकेत म्हणे प्रवाशाकडनं सही घेतात आणि झालं.

लेथवाला_कुपवाड:
बरोबर वाचलंय ताई. तिथं 2004 पासनं कायद्यानंच सरकारला अडवून ठेवलंय की जमिनीवरच्या लोकांची काळजी घ्या, आतल्या प्रवाशाच्या सुरक्षेचे नियम सध्या करू नका, धंदा शिकू दे. ती मुदत वाढत वाढत आता 1 जानेवारी 2028 वर गेलीय. मला हे पटतंय. शहाणासुरता माणूस, खिशात कोट्यवधी, धोका लेखी सांगितलाय, सही केलीय, जातोय तर जाऊ दे की. आपली पोरं सह्याद्रीत कड्याला लोंबकळतात तेव्हा कुठला साहेब परवाना बघतोय?

मिरजेची_सतार:
सहीचं मला नका सांगू दादा. रोज रात्री सह्या घेते मी. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्र पुढं करते, समजावून सांगते, समोरचा मान हलवतो आणि विचारतो "सिस्टर, सही कुठं करू?" एवढंच. कवठेमहांकाळचा असो नाहीतर पुण्याचा इंजिनियर असो, बोट त्या रेघेवरच. घाबरलेल्या माणसाला वाचता येत नाही आणि उतावळ्याला वाचायचं नसतं. पण तिथं निदान माझ्यावर डॉक्टर, डॉक्टरवर कौन्सिल, वर कोर्ट आहे. सहीच्या मागं काहीच नसेल तर तो नुसता कागद आहे.

लेथवाला_कुपवाड:
मुद्दा हाय. पण कागदानं माणूस वाचत नाही हेच तर मी पण म्हणतोय. 2014 ला अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटावर व्हर्जिनच्या स्पेसशिपटू या रॉकेट-विमानाचं काय झालं बघा. शेपटाचं लॉक वेग माख 1.4 (आवाजाच्या 1.4 पट) झाल्यावर काढायचं, को-पायलटनं माख 0.8 लाच काढलं, शेपूट हवेच्या दाबानं आपोआप उघडलं आणि विमान हवेतच फुटलं. को-पायलट गेला, पायलट पॅराशूटमुळं वाचला. एक दांडा. मशीनवाला म्हणून सांगतो, माझ्या शेडमध्ये प्रेसला दोन बटणं हायत, दोन्ही हातानं एकदम दाबल्याशिवाय खाली येत नाही, कारण माणूस चुकणार हे धरूनच चालायचं असतंय. तिथं दांड्याला तसलं काही नव्हतं. आता हे कुठला बाबू ऑफिसात बसून पकडणार होता?

चार_भिंती_सातारा:
पकडलं असतं ना! त्याच अपघाताचा चौकशी अहवाल वाचा. माणसाच्या चुकीमुळं काय काय होऊ शकतं याचं विश्लेषण द्या असा नियम होताच. कंपनीचं ते विश्लेषण अपुरं होतं, आणि परवानगी देणाऱ्या खात्यानं त्या अटीतनं सूटच देऊन टाकली. नियम होता, सोडून दिला. आणि प्रेसची दोन बटणं म्हणताय, फॅक्टरी इन्स्पेक्टर नसता तर दुसरं बटण बसवलं असतं का, खरं सांगा.

लेथवाला_कुपवाड:
वडिलांनी बसवलेलं. इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर. 🙏

कंदी_पेढा:
😂😂 विकेट

कृष्णाकाठचा_गडी:
एवढ्यात हरू नका ओ दादा. नियम मोडला तरी काय होतंय तेही बघा. 2018 च्या जानेवारीत आपल्याच इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरनं एका अमेरिकन कंपनीचे चार बारके उपग्रह गेले, पुस्तकाएवढे. त्यांच्या सरकारनं आधीच नाही म्हटलं होतं, एवढे लहान की रडारवर नीट दिसणार नाहीत म्हणून, तरी पाठवले. दंड नऊ लाख डॉलर, आणि कंपनी पुढं मजेत चालली. मोठ्याला दंड म्हणजे टोलनाका.

एकंदकर:
म्हणजे नियम कमी करायचा की दंड वाढवायचा? तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय भाऊ. आणि स्टारशिपचं कौतुक सांगितलं पण 2025 च्या जानेवारीत तेच फुटून कॅरिबियनकडच्या टर्क्स अँड कायकोस बेटांवर तुकडे पडले, विमानं वळवावी लागली, ते का गाळलं? त्या विमानात बसलेल्यांनी कुठं सही केली होती?

कृष्णाकाठचा_गडी:
कुणाला लागलं नाही ना पण.

एकंदकर:
आमच्या गावात पण स्फोटाच्या आदल्या दिवसापर्यंत कुणाला लागलं नव्हतं.

लेथवाला_कुपवाड:
बरं, मी थोडा मागं सरकतो, पूर्ण नाही. जमिनीवरच्या माणसासाठी परवानगी, विमा सगळं पाहिजे, मान्य. अमेरिकेत कंपनीला 50 कोटी डॉलरपर्यंत विमा घ्यायला लावतात आणि त्याच्या वरचं सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत उचलतं, तसलं इथं पण करा, कारण सगळा बोजा स्टार्टअपवर टाकला तर पहिल्याच हप्त्यात शटर खाली. पण माझी अट एकच, साहेबाला पण मुदत पाहिजे. तिथं अर्ज पूर्ण आला की 180 दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असं कायद्यात हाय. इथं "प्रक्रियेत आहे" म्हणून फाईल चार वर्षं झोपली तर वकीलसाहेब काय करणार?

चार_भिंती_सातारा:
रिट, म्हणजे हायकोर्टात अर्ज. आणि हो, मुदत कायद्यातच हवी, इथं आपलं एकमत. प्रवाशांच्या बाबतीत मात्र मी मिरजेच्या ताईंच्या बाजूनं.

मिरजेची_सतार:
माझी ड्युटी संपली. जाता जाता, दादा त्या चाळीस नगांचं शेवटी काय झालं?

लेथवाला_कुपवाड:
पुन्हा बनवून दिले, नव्या बारमधनं. पास झाले. आता हीट नंबरचा पंच माझ्या टेबलाच्या ड्रॉवरला कुलूप लावून ठेवलाय, बार कापायचा असला की पोरांनी माझ्याकडं येऊन मागायचा, वहीत सही करायची, मग न्यायचा.

कंदी_पेढा:
आणि तुम्ही जेवायला गेलात तर?

लेथवाला_कुपवाड:
थांबायचं.

एकंदकर:
दसऱ्याला या सगळे. लांबनं बघायचं, पुढं घुसायचं नाही.