मदत हवी आहे : सहावीला वीजबचत आणि पूर एकत्र कसं शिकवायचं?

कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठच्या गावात सहावीला शिकवतो. हवामानबदलाचा विषय घ्यायचाय, ३५-३५ मिनिटांच्या दोनच तासिका आहेत. प्रोजेक्टर नाही. खर्च शे-दोनशेच्या आत.

पुराचा भाग जमला. २०१९ पोरांना अंधूक आठवतो, २०२१ चांगलाच. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. मग कागदपत्रं कुठं ठेवायची, जनावरं कधी हलवायची, हे त्यांनीच मला सांगितलं.

वीजबचतीत अडकलोय. ६० वॅटचा जुना बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी घेऊन मीटर बघायला लावलं. अर्ध्या तासात आकडा हलतच नाही, कारण ६० वॅटला एक युनिट जाळायला साडेसोळा तासांहून जास्त लागतात. घरच्या मीटरची रोजची नोंद ठेवायला सांगितली, तर निम्मी घरं एकाच मीटरवर. शिवाय एकानं विचारलं, "सर, आम्ही दिवा बंद केला तर पूर यायचा थांबतोय काय?" होय म्हणणं खोटं, नाही म्हटलं तर सगळं मुसळ केरात. कोळसा जाळून वीज होते इथपर्यंत सांगितलं, पुढं माझीच गाडी अडली.

पोस्टर, घोषणा, प्रभातफेरी नकोत, ती झालीत. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजून दोन बल्बांतला फरक कुणी वर्गात दाखवलाय का? आणि त्या पोराला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?