मे महिन्याचं टँकर बिल आणि २७ पैसे

साळुंखे, खजिनदार (ए-२०३): मे महिन्याचे टँकर ६०. दर १,३०० प्रमाणे ७८,००० झाले. ४८ फ्लॅट, प्रत्येकी १,६२५. जूनच्या मेंटेनन्समध्ये लावतोय.

सुयोग (सी-४०२): काका, आम्ही मार्चपासून जर्मनीत आहोत. निघताना घरातले सगळे कॉक बंद केलेत. १,६२५ कशाचे?

शिंदे वहिनी (ए-१०२): अरे, सगळ्यांना सारखं असंच ठरलंय ना पहिल्यापासून.

साळुंखे: गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टी फ्लॅटमधल्या इनलेटची, म्हणजे पाणी आत येणाऱ्या जोडण्यांची, संख्या आणि आकार बघून वाटायची असते. तसं केलं तरी बंद फ्लॅट सुटत नाही, सुयोग. किती वापरलं हे तिथेही कोणी विचारत नाही.

देशपांडे सर (बी-३०४): हिशोब मांडतो. एक टँकर १०,००० लिटरचा, म्हणजे टँकरचे दिवसाला २०,००० लिटर आणि मेन मीटरवर महापालिकेचे सरासरी १४,०००. आपण १९२ माणसं, म्हणजे माणशी १७७ लिटर. शहरासाठी मानक १३५ धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. वरच्या ४२ लिटरचे महिन्याला जवळपास २४ टँकर होतात. ३१ हजार रुपये.

तांबोळी (बी-२०१): सर, पार्किंगमध्ये सकाळी पाइप लावून गाड्या धुतात त्यांना विचारा.

देशपांडे सर: विचारून काय होणार? मी १०० लिटर सांडले तर टँकरच्या दराने सोसायटीला १३ रुपये पडतात. माझ्या वाट्याला येतात २७ पैसे, बाकीचे ४७ घरं भरतात. २७ पैशांसाठी अंथरुणातून उठून नळ कोण बंद करेल? मी तरी नाही. दर फ्लॅटला मीटर लावा, मग १३ रुपये माझ्याच खिशातून जातील.

शिंदे वहिनी: म्हणजे आमच्यासारख्यांनी मरायचं. आम्ही सहा जण, त्यात सासूबाई अंथरुणावर. रोज दोनदा चादरी धुवायला लागतात. वरच्या मजल्यावरच्या दोघांना आणि आम्हाला एकच मर्यादा?

देशपांडे सर: वहिनी, बरोबर आहे तुमचं. मर्यादा फ्लॅटवर नको, माणशी ठेवू. १३५ पर्यंत साधा दर, त्यावर टँकरचा. आजारी माणूस असेल तिथे वाढवून.

शिंदे वहिनी: मग बघू.

तांबोळी: मीटर कशाला? पाऊस अडवा. तिन्ही विंगची गच्ची मिळून ८०० चौरस मीटर आहे. पुण्यात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेपाच लाख लिटर पडतं, गळती धरून साडेचार. ४५ टँकर झाले की!

साळुंखे: पण ते जुलैत. तेव्हा टँकर लागतच नाही. बोअरशेजारी मुरवलं तर शेजारच्या सोसायटीची बोअर आपल्यापेक्षा खोल आहे. आपण मुरवायचं, त्यांनी उपसायचं.

तांबोळी: आणि त्यांनी मुरवलं तर आपण उपसू 😀

देशपांडे सर: चेष्टा नाही, नेमकं हेच दुखणं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, यांची पीएच.डी.च लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होती. प्रत्येकाने उपसा केला आणि विहिरींत समुद्राचं पाणी शिरायला लागलं. शेवटी उपसणारेच एकत्र बसले, मोजमाप केलं आणि

शिंदे वहिनी: सर, कुकर लावलाय. थोडक्यात.

निकिता (सी-१०१, भाडेकरू): माझं आजोळ नगरचं. तिकडच्या हिवरे बाजार गावात हेच करतात. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. पर्जन्यमापकावर मोजतात आणि कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत पाण्याच्या हिशोबाने ठरतं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर सुरू झालं सगळं. आजोबा सांगायचे, आधी लोकांनी खूप कुरकुर केली होती.

साळुंखे: कुरकुर आपल्याकडेही होईलच. खरी अडचण ऐका. आपल्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरून प्रत्येक फ्लॅटला तीन वेगळ्या लाइन येतात, किचनची एक आणि बाथरूमच्या दोन. म्हणजे १४४ मीटर. शिवाय रीडिंग कोण घेणार?

सुयोग: आधी ए विंगमध्ये लावून बघा. १६ फ्लॅट, ४८ मीटर. माझे १,६२५ त्यात धरा, भांडत नाही.

तांबोळी: जर्मनीला जाऊन सुधारला पोरगा.

शिंदे वहिनी: ए विंगच का?

साळुंखे: वहिनी, ए विंगच्या फ्लशच्या टाक्या जुन्या आहेत. दोन-तीन तर मला जिन्यातून जाताना ऐकू येतात.

शिंदे वहिनी: आमची आहे त्यातली एक. मागच्या दिवाळीपासून. ह्यांना सांगून थकले.

देशपांडे सर: मग मीटरच्या आधी फ्लश. रविवारी १० वाजता प्लंबरला बोलावतो. डक्टची किल्ली कोणाकडे आहे?

साळुंखे: माझ्याकडे नाही.

तांबोळी: माझ्याकडेही नाही.

सुयोग: अं... बहुतेक माझ्या घरात आहे.