जळगाव एमआयडीसीच्या नोकरीसाठी १,८५० रुपये मागतात, भरू का?

अमळनेरची मुलगी

नमस्कार. बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं. टॅली येतं, मराठी-इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास आहे. मागच्या आठवड्यात जाहिरातींच्या एका साइटवर "जळगाव एमआयडीसी, नामांकित पाइप कंपनी, ऑफिस असिस्टंट, पगार २४,०००, अनुभवाची अट नाही, मुलींसाठी गाडीची सोय" अशी जाहिरात दिसली. अर्ज टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. बोलणारे सर फार नीट बोलले, सारखं बेटा-बेटा म्हणत होते. चार-पाच प्रश्न विचारले, तीच मुलाखत. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जॉइनिंग लेटर आलं. गोल शिक्का, सही, सगळं आहे.

आता म्हणतात, गेटपास आणि गणवेशाचे १,८५० उद्या पाचपर्यंत भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. आधार आणि पॅनचे फोटो मी आधीच पाठवून बसले आहे. पासबुकाचा मागितलाय, तो अजून दिला नाही. वडील म्हणतात भरून टाकू, कापसाचे पैसे आलेत. आई मात्र अडून बसली आहे: "काम करनारले पैसा भेटतस ना, हाई उलटं कसं व्हयनं?"

लेटरचा फोटो माझं नाव झाकून खाली टाकलाय. हे खोटं असेल तर पाठवलेल्या कागदांचं काय करू? आणि अशा जाहिराती बघून अर्ज करूच नये का? आमच्या कुणाशी ओळखी नाहीत. मग जागा निघाल्याचं आम्हाला कळणार तरी कुठून?

धुळेकर

भरू नका. आज १,८५० घेतील, उद्या मेडिकलचे ३,०००, परवा लॅपटॉपचं डिपॉझिट. "उद्या पाचपर्यंत" ही घाई तुम्ही कुणाला विचारू नये म्हणून आहे. इथे विचारलंत ते बरं केलंत.

झेरॉक्स सेंटर, चोपडा

ताई, तुमच्या आईचं ऐका.

चोपड्याला स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. भरतीचे, शिष्यवृत्तीचे, पीक विम्याचे फॉर्म भरतो. असली जॉइनिंग लेटरं महिन्याला तीन-चार तरी माझ्या प्रिंटरमधून निघतात. दोन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक मुलगा आला. विमानतळावर सामान चढवायची नोकरी लागली म्हणाला, लेटर जाड कागदावर काढून द्या, घरी लावायचंय. मी काढून दिलं, त्याने दिलेला पेढाही खाल्ला. तोवर त्याने दोन हप्त्यांत ७,४०० भरले होते. नंतर बकऱ्या विकून तिसरा भरला, तेव्हा तो फोन बंद झाला. लेटर परत घेऊन आला तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. वरच्या ओळीत कंपनीचं स्पेलिंग एक, शिक्क्यात दुसरं. छापताना वाचलं असतं तर बकऱ्या वाचल्या असत्या. तेव्हापासून दुकानात आलेलं प्रत्येक लेटर मी वाचतो, गिऱ्हाईक विचारो न विचारो.

तुमचं मोठं करून वाचलं. जीएसटी नंबर ०७ ने सुरू होतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. मुख्य ऑफिस दिल्लीला असू शकतं, मान्य. पण पत्ता जळगावचा दिलाय, म्हणून तो नंबर जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला. नाव एका कापड दुकानाचं निघालं. कुणाचा तरी उचललेला दिसतो. हे पाहायला लॉगिन लागत नाही, पैसेही नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवरही नाव सापडायला हवं.

एवढ्यावर मात्र विसंबू नका. खऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर चोरले असले की दोन्हीकडे सगळं बरोबर दिसतं. कंपनीचा फोन जाहिरातीतला घेऊ नका. तो तिच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, नाहीतर मालाच्या बिलावरून (पाइप विकणाऱ्या तुमच्या गावच्या दुकानदाराकडे बिल असणारच). तिथे विचारा, ही जागा निघाली आहे का.

आता गेलेले कागद. घाबरू नका, पण आजच बसून हे करा. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या बोटांच्या ठशांवर कुणी व्यवहार करू शकणार नाही. संचार साथी या सरकारी साइटवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. पॅनवर कुणी कर्ज उचललं का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, कळतं. सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आज एकदा पाहा, दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा काढा. ते लोक आता "व्हेरिफिकेशनचा ओटीपी सांगा" म्हणतील, सांगू नका. जॉइनिंग फॉर्म म्हणून एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी) पाठवतील, ती उघडू नका. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाने उघडली आणि त्याचे मेसेज तिकडे जायला लागले.

पुढे कुठेही आधार द्यावा लागलाच तर मास्क केलेला द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तो त्याच साइटवरून डाउनलोड होतो. झेरॉक्सवर आडवं लिहा: फक्त अमुक कंपनीच्या अर्जासाठी, आणि तारीख. बायोडाटात आधार नंबर, जन्मतारीख, घर नंबरासकट पत्ता काही लागत नाही. गाव आणि तालुका पुरे. मी मुलांना अर्जांसाठी वेगळा ईमेल काढून देतो.

तुमचे पैसे गेले नाहीत, तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. त्यांचा मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, लेटर, सगळे चॅट जोडा. चॅट डिलीट करू नका. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी १९३० ला लगेच फोन लावायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात.

टाइम ऑफिस, जळगाव

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं काम, सांभाळतो. लेटरमध्ये पगार २४,००० आणि खाली ईएसआयसी (कामगार विमा) कपात लिहिली आहे. ईएसआयसीची मर्यादा २०१७ साली २१,००० झाली. त्याहून जास्त पगारावर नवीन माणूस लागला तर सहसा ही कपात होत नाही. लेटर बनवणाऱ्याने कधी पगारपत्रक केलेलं दिसत नाही.

आमच्याकडे ऑफिसच्या जागेवर नवख्या मुलीला बारा ते पंधरा हजार मिळतात. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण आकडा माहीत असलेला बरा. इथे मुलाखत समोर बसवून होते, टॅलीवर दोन एन्ट्र्या करून दाखवाव्या लागतात. आधार, पॅन, बँकेचे कागद आम्हीही मागतो, कारण पीएफचं खातं उघडायचं असतं. पण ते रुजू होताना. गेटपास आम्हीच देतो. बऱ्याच जागा ठेकेदारामार्फत भरतात. ठेकेदार असेल तर तो कोणत्या कारखान्याचं काम करतो ते विचारा आणि त्या गेटवर त्याचं नाव सांगून खात्री करा.

जाहिराती बघायच्या सोडू नका, ताई. आम्ही स्वतः त्याच साइटवर जागा टाकतो, दुसरीकडून एवढ्या लवकर माणसं मिळत नाहीत. अर्ज बिनधास्त करा, पण बायोडाटापुढचा कागद गेट पाहिल्यावरच द्या. सकाळी दहा-साडेदहाला या, वडिलांना घेऊन या. शिवाय राज्य सरकारच्या महास्वयम् आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नाव नोंदवा. दोन्ही फुकट आहेत.

शहाद्याचा

ताई, पासबुकाचं मी सांगतो. मला "घरून डेटा एन्ट्री" अशा जाहिरातीतून पगारासाठी नवीन खातं उघडायला लावलं. एटीएम कार्ड आणि त्या खात्याचं सिम कुरिअरने मागवून घेतलं. मी दिलं. दीड महिन्याने पोलिसांची नोटीस आली, तीही दुसऱ्या राज्यातून. कुणाकुणाला फसवलेले पैसे माझ्या खात्यातून पुढे गेले होते. माझा रुपयाही गेला नाही, पण माझी सगळी खाती गोठली, आणि आईच्या औषधाला शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागले. पोलिसांना मी जाहिरात दाखवू शकलो नाही, कारण ती तोवर निघून गेली होती. म्हणून सांगतो, अर्ज करायच्या आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा.

अमळनेरची मुलगी

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे भरले नाहीत. नाही म्हटल्यावर सर म्हणाले ९०० भरा, बाकीचे नंतर. मी म्हटलं, गेटवर येऊन रोख देते. त्यावर ब्लॉक केलं. यूपीआय आयडी टाकून पाहिला होता, कुठल्यातरी बाईचं नाव येत होतं, कंपनीचं नाही. त्याचाही स्क्रीनशॉट जोडून पोर्टलवर तक्रार केली. बायोमेट्रिक लॉक झालं. संचार साथीवर तीन सिम दिसतात, तिन्ही आमचीच आहेत.

काल वडिलांबरोबर जळगावला जाऊन आले. लेटरवर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या गेटवरचे वॉचमन म्हणाले, असं लेटर घेऊन या महिन्यात आलेली मी पाचवी. एक मुलगा पारोळ्याहून सामानाची पेटी घेऊनच आला होता म्हणे. रात्रभर तोच डोळ्यांसमोर येत राहिला.

तिथून चालत पुढे गेलो तर एका डाळ मिलच्या गेटवर बिलिंगसाठी मुलगी पाहिजे असा कागद लावलेला होता. आत बसवून टॅलीवर बिल करून घेतलं. १३,५०० म्हणाले, सोमवारपासून या. पैसे कुणी मागितले नाहीत, कागदांचं रुजू झाल्यावर बघू म्हणाले.

सुट्टी सातला होते. सातनंतर जळगावहून धरणगाव-अमळनेरकडे येताना मुली कशाने येतात, रेल्वेने की एसटीने? रोज ये-जा करणारं कुणी असेल तर सांगा, म्हणजे पास काढायला बरं.